मोतीबिंदूनंतरचं लेझर: त्या दिवशी काय सांभाळायचं

ऑपरेशनला तीन वर्षं झाली आणि तांदूळ निवडताना मला खडे दिसेनासे झाले. एसटीची पाटी तर गाडी पुढ्यात आल्यावरच वाचता यायची. वाटलं, मोतीबिंदू परत आला. तो परत येत नसतो. बसवलेल्या भिंगामागचा पातळ पडदा गढूळ होतो आणि याग लेझरने त्याला मधोमध खिडकी पाडतात.

सोबत कुणाला तरी न्याच. बाहुली मोठी करायचे थेंब घालून बसवून ठेवतात. लेझर मात्र पाचेक मिनिटांत उरकतं. हनुवटी टेकवायची, टिकटिक ऐकायची, हलायचं नाही. दुखत नाही, टाके नाहीत.

बाहेर आल्यावर ऊन मात्र डोळ्यांत घुसतं. काळा चष्मा पिशवीत ठेवा. मी मिजाशीत नेला नव्हता; मुलाच्या स्कूटरवर पदर डोळ्यांवर ओढून घरी आले. त्या दिवशी गाडी चालवू नका, विळीवरही बसू नका. दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक, टीव्ही, वाचन नेहमीसारखं. लिहून दिलेले थेंब तेवढे चुकवू नका.

काही दिवस डोळ्यापुढे चिलटांसारखे ठिपके तरंगतात. वरणात माशी पडली म्हणून मी दोनदा वाटी ओतून दिली! ते हळूहळू कमी होतात. पण एकदम वाढले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा बाजूने पडदा सरकला, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.