विमानाची शेपूट लवतेय? कार्बन फायबर चिकटवण्याआधी या चुका टाळा

रेडिओ कंट्रोलचं मॉडेल विमान जमिनीवर असताना सगळं नीट असतं. स्टिक ओढली की इलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची हलती फळी) वर, सोडली की बरोबर मध्यावर. हवेत मात्र वेग वाढला की विमान ऐकेनासं होतं. डाइव्हमधून उचलायला जावं तर नाक हवं तितकं वर येत नाही, आणि वेग उतरला की तोच इलेव्हेटर पुन्हा व्यवस्थित काम करू लागतो. अशा वेळी बहुतेक जण ट्रान्समीटरमध्ये (हातातल्या रिमोटमध्ये) जाऊन थ्रो, म्हणजे इलेव्हेटर किती हलेल ते प्रमाण, वाढवतात. सगळ्यात महागात पडणारी चूक ती हीच.

हवेचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की इलेव्हेटरवरचा जोर चौपट. टेबलावर त्याच्यावर जवळपास काहीच भार नसतो, त्यामुळे तिथे दिसणारी हालचाल हवेत टिकेलच असं नाही. सर्व्होपासून (इलेव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरपासून) इलेव्हेटरच्या कडेपर्यंत कुठेतरी काहीतरी लवतं आणि हवा इलेव्हेटरला मागे ढकलते. थ्रो वाढवला तरी लवणारी जागा तशीच राहते. शिवाय कमी वेगात, म्हणजे नेमकं लँडिंगच्या वेळी, इलेव्हेटर गरजेपेक्षा तिखट होतो आणि विमान स्टॉल होण्याचा, म्हणजे पंखांची उचल एकदम तुटण्याचा, धोका वाढतो.

म्हणून आधी लवणारी जागा शोधा. प्रॉपेलर काढून ठेवा, हे विसरू नका. मग रिसीव्हर चालू करा, कुणालातरी स्टिक पूर्ण ओढून धरायला सांगा आणि इलेव्हेटरची मागची कड बोटाने हलकेच खाली दाबा. नजर बोटावर ठेवू नका, पुढच्या भागांवर ठेवा. सर्व्होचा आर्मच (बाहेरचा फिरता हात) फिरत असेल तर सर्व्हो कमी ताकदीचा आहे किंवा त्याचे गिअर झिजलेत. आर्म स्थिर पण सर्व्होची पेटी डुलतेय, तर बसवणी सैल आहे. हॉट ग्लूने फोममध्ये बसवलेले सर्व्हो उन्हात असे सुटतात, कारण तापला की तो गोंद मऊ पडतो. पेटीही घट्ट असेल तर पुशरॉड (सर्व्होपासून इलेव्हेटरपर्यंत जाणारी तार) पाहा, मग हॉर्नचं (इलेव्हेटरवरच्या छोट्या दांडीचं) बूड, मग बिजागरी, आणि शेवटी खुद्द स्टॅबिलायझर (शेपटीची स्थिर आडवी फळी) व शेपटीकडची फ्युजलाज (विमानाचं धड).

याच वेळी प्ले आणि लवणं यांतला फरकही ओळखा. सुरुवातीला अजिबात विरोध न होता कड हलली आणि मग एकदम घट्ट लागली, तर तो प्ले: क्लेव्हिसचं (तार हॉर्नला जोडणाऱ्या चिमटीचं) भोक मोठं झालंय किंवा सर्व्होच्या गिअरमध्ये फट आहे. पहिल्यापासून विरोध जाणवतो, तरी कड हलते आणि सोडल्यावर उसळून परत येते, तर ते लवणं. प्ले असलेल्या जागी कार्बन लावून काहीही सुधारत नाही.

माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष पुशरॉडकडे होतं. हॉर्न इलेव्हेटरच्या खालच्या बाजूला असेल तर इलेव्हेटर वर न्यायला रॉड मागे ढकलावा लागतो. ढकलताना बारीक तार बाक घेते, ओढताना तीच तार ताठ राहते. त्यामुळे डाउन चोख मिळतं आणि अप कमी पडतं, तेही डाइव्हमधून बाहेर काढताना, जेव्हा अपची सर्वाधिक गरज असते. इथे लगेच जाड तार घालण्याची घाई नको. तारेची आधाराविना मोकळी लांबी निम्मी केली तर ती बाक घ्यायला सुमारे चौपट जोर लागतो. फ्युजलाजमध्ये दर ८-१० सेंटीमीटरला आधार द्या. बाहेरची नळी दोन्ही टोकांना चिकटवा. शेपटीकडे नळीच्या तोंडापासून हॉर्नपर्यंत तारेचा एक तुकडा उघडा असतो, तो जवळून पाहा: दाब दिला की बाहेर फुगणारी तार बहुतेकदा तिथेच सापडते. नळी शक्य तितकी मागे आणा, फक्त पूर्ण थ्रोला क्लेव्हिस तिच्यावर आपटणार नाही एवढी जागा सोडा.

दुसरी फसवी खूण म्हणजे अप दिल्यावर विमान एका बाजूला रोल होणं. लूप सरळ न होता स्क्रूसारखा फिरतो आणि माणूस एलेरॉनचं (विमान कलवणाऱ्या पंखावरच्या फळ्यांचं) ट्रिम बदलत बसतो. हॉर्न इलेव्हेटरच्या एकाच अर्ध्यावर असेल आणि दोन्ही अर्धे जोडणारी तार पिळली जात असेल, तर हॉर्नकडचा अर्धा जास्त उठतो, त्या बाजूची शेपूट जास्त दाबली जाते आणि विमान हॉर्नच्याच बाजूला कलतं. पिळाला विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणून २ मिमीच्या जागी त्याच धातूची ३ मिमीची तार घातली की ती पाचपट ताठ होते. मात्र तारेची टोकं बाल्सात (हलक्या लाकडात) किंवा फोममध्ये सैल बसली असतील तर जाड तारही कुचकामी. ती जागा इपॉक्सीने भरा.

आता कार्बन. स्टॅबिलायझरच लवत असेल तर तो हवाच, पण कसा लावता यावर सगळं आहे. १×३ मिमीची पट्टी फोमच्या पृष्ठभागावर आडवी चिकटवण्यापेक्षा चीर पाडून उभी बसवली तर ती पट्टी वाकण्याला नऊपट विरोध करते. ६ मिमीच्या फोमशीटमध्ये हे सहज जमतं. थर्माकोलसारखा फोम साध्या सीएने (सुपरग्लूने) विरघळतो, तिथे फोमसाठीचाच सीए वापरा. स्टॅबिलायझरच्या खालून फ्युजलाजपर्यंत बारीक कार्बन रॉडचा तिरका टेकू दिला तर त्याहूनही कमी वजनात काम होतं. गोंद थापू नका. शेपूट बॅलन्स पॉइंटपासून (विमान ज्या जागी तोललं जातं तिथपासून) दूर असते, तिथल्या १ ग्रॅमसाठी नाकात अनेकदा २-३ ग्रॅम घालावे लागतात.

एक फुकटचा उपाय बरेच जण हातचा घालवतात. ट्रान्समीटरमध्ये ट्रॅव्हल (सर्व्होच्या हालचालीची मर्यादा) ५० टक्क्यांवर आणून थ्रो कमी करू नका. क्लेव्हिस हॉर्नच्या बाहेरच्या भोकात आणि सर्व्हो आर्मच्या आतल्या भोकात लावा, ट्रॅव्हल १०० टक्क्यांजवळ ठेवा. सर्व्होला जोर मिळतो आणि प्लेचा परिणामही घटतो.

आणि फ्लटर, म्हणजे हवेत इलेव्हेटरचं वेगाने थरथरणं. उडताना शेपटीकडून भर्रर्र असा आवाज आला तर क्षणाचाही विचार न करता थ्रॉटल बंद करा, नाक हळूच वर घेऊन वेग कमी करा आणि उतरवा. खात्री करायला पुन्हा त्याच वेगात जाऊ नका. फ्लटर काही सेकंदांत बिजागरी उपटतो, सर्व्होचे गिअर तोडतो. उतरल्यावर प्रत्येक बिजागरी ओढून पाहा, हॉर्नचे स्क्रू तपासा आणि सर्व्हो हाताने हळू फिरवून दात अडखळतायत का ते बघा.

दुरुस्तीनंतर बॅलन्स पॉइंट पुन्हा मोजा. पहिलं उड्डाण भरपूर उंचीवर, अर्ध्या थ्रॉटलवर करा. तिथून उथळ डाइव्ह घ्या आणि प्रत्येक वेळी वेग थोडाच वाढवा. तेवढ्याच स्टिकला नाक प्रत्येक वेळी आधीपेक्षा जोरात वर आलं पाहिजे. वेग वाढूनही प्रतिसाद तेवढाच राहिला किंवा मंदावला, तर अजून काहीतरी लवतंय. खाली उतरवा आणि बोटाची चाचणी पुन्हा सर्व्होपासून सुरू करा.