ईमेलमध्ये सीएसएस नीट चालावं म्हणून कंपन्यांच्या मागे कसं लागायचं

मेल प्रोग्रॅम सीएसएस (मेलची मांडणी आणि रंग ठरवणारे नियम) पाळत नसेल तर सह्यांची मोहीम काढा, हॅशटॅग चालवा, कंपनीला टॅग करा, असा सल्ला जो तो देतो. देणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी एखादा बग (प्रोग्रॅममधला बिघाड) शेवटपर्यंत नेलेला असतो. मेल प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना गर्दी दिसत नाही असं नाही. पण त्यांच्यातल्या एखाद्या इंजिनियरने नेमकं काय दुरुस्त करायचं, हे गर्दीकडे बघून कळत नाही. ते कळेल असा एक चाचणीचा मेल तयार करणं हे खरं काम; बाकीचं त्यापुढे किरकोळ.

एचटीएमएल (वेबपानाच्या टॅगांची भाषा) वापरून मेल कसा बांधतात आणि त्यात टेबलात टेबलं का कोंबावी लागतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

मागणी एकच ठेवा

"पूर्ण सीएसएस चालू द्या" ही मागणी कोणी मान्य करणार नाही, आणि करूही नये. ब्राउझरमधल्या मेलसेवेत तुमचा मेल त्यांच्याच पानाच्या आत उघडतो. तिथे पोझिशन फिक्स्ड (चौकट पडद्यावर हव्या त्या जागी खिळवणारा सीएसएस नियम) मोकळं सोडलं तर कोणी भामटा त्यांच्या बटणावर स्वतःचं बटण चिकटवायला मोकळा. म्हणजे काही गोष्टी सुरक्षेसाठी मुद्दाम काढलेल्या असतात, काही रेंडरिंग इंजिनला (मेल पडद्यावर उमटवणाऱ्या भागाला) जमतच नाहीत, आणि काहींकडे आजवर कोणी लक्षच दिलेलं नसतं. तुमची मागणी या तिसऱ्या गटातली हवी.

दुसऱ्या गटाशी एकट्याने डोकं लावू नका. आउटलुक 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररचं इंजिन काढून वर्डचं बसवलं आणि बॅकग्राउंड इमेज, फ्लोट, पोझिशन एका फटक्यात गेलं. अशा वेळी एकेका प्रॉपर्टीसाठी (सीएसएसच्या सुट्या गुणधर्मासाठी) भांडून काही होत नाही, इंजिनच बदलावं लागतं.

मागणी ठरली की 'कॅन आय ईमेल' या साइटवर ती प्रॉपर्टी कुठे चालते, कुठे नाही ते बघून घ्या. पाच मिनिटांचं काम.

चाचणीचा मेल

बहुतेक जण इथेच आपटतात. मलाही याच टप्प्याने सगळ्यात जास्त छळलं. मेल बिघडलेला दिसतोय हे खरं, पण तो बिघडवला कोणी? पाठवणारी सेवा लिंका बदलते, उघडल्याची नोंद घेणारं अदृश्य चित्र घुसवते, स्टाइल इनलाइन करते, म्हणजे नियम प्रत्येक टॅगमध्येच लिहिते. वाटेतला सर्व्हर ओळी तोडू शकतो. आणि सगळ्यात शेवटी मेल प्रोग्रॅम त्याला हवी तशी काटछाट करतो. आपली तक्रार फक्त या शेवटच्याविरुद्ध आहे, आणि बाकीच्यांचा त्यात हात नाही हे तुम्हालाच सिद्ध करायचं आहे.

त्यासाठी तीन प्रती समोरासमोर ठेवा: तुम्ही लिहिलेली, पोचलेली आणि दिसलेली. पोचलेली प्रत म्हणजे मेलचा कच्चा सोर्स. जीमेलमध्ये तो 'शो ओरिजिनल'मधून दिसतो, थंडरबर्डमध्ये कंट्रोल-यू दाबून. दिसलेली प्रत वेबमेलमध्ये ब्राउझरच्या इन्स्पेक्टमधून मिळते. पहिल्या दोन प्रतींत फरक असेल तर दोष पाठवण्याच्या वाटेवरचा आहे. मेल प्रोग्रॅमवाल्यांना त्रास देऊ नका. दुसरी आणि तिसरी जुळत नसेल तरच तुमच्या हातात काहीतरी आहे.

एक नमुना सांगतो. स्टाइलमध्ये '.बॉक्स' असा, बॉक्स नावाच्या क्लासला रंग देणारा नियम आहे, ओळ टिंबापासूनच सुरू होते. मेल उघडला तर रंग येत नाही. या प्रोग्रॅमला क्लास कळत नाहीत असं ठोकून द्यायचा मोह होतोच. पण कच्चा सोर्स उघडल्यावर तिथे नुसतं 'बॉक्स' दिसतं, टिंब गायब! मेल पोचवायच्या एसएमटीपी या नियमावलीत एकटं टिंब असलेली ओळ म्हणजे मेल संपल्याची खूण. म्हणून टिंबाने सुरू होणाऱ्या प्रत्येक ओळीला पाठवणाऱ्याने एक जादा टिंब लावायचं आणि घेणाऱ्याने ते काढायचं असा नियम आहे. पाठवणाऱ्या स्क्रिप्टने जादा टिंब लावलंच नाही, तर घेणारा तुमचं खरं टिंब काढून टाकतो. मेल प्रोग्रॅमचा यात काडीचाही दोष नाही.

दुसरा सापळा लांब ओळींचा. मेलमध्ये एका ओळीची कमाल मर्यादा 998 अक्षरं आहे. मिनिफाय केलेलं (मोकळ्या जागा काढून आवळलेलं) एचटीएमएल एकाच ओळीत पाठवलंत तर सर्व्हर ती कुठेही तोडू शकतो, अगदी टॅगच्या पोटातही. त्यामुळे चाचणीचा मेल मिनिफाय करायचा नाही, आणि क्वोटेड-प्रिंटेबल एन्कोडिंगमध्ये (लांब ओळी सुरक्षितपणे तोडणाऱ्या लेखनपद्धतीत) पाठवायचा. मग सोर्समध्ये बरोबरच्या चिन्हाच्या जागी '=3डी' दिसेल; ते त्या एन्कोडिंगचंच रूप आहे, बिघाड नव्हे.

चाचणीसाठी मार्केटिंगची सेवा वापरू नका. स्वतःची छोटी स्क्रिप्ट लिहा. आणि बिघडलेला मेल फॉरवर्ड करून "बघा" म्हणू नका, कारण फॉरवर्ड करताना बरेच प्रोग्रॅम एचटीएमएल नव्याने लिहितात आणि पुरावाच नष्ट होतो. द्यायची ती ईएमएल फाईल, म्हणजे मेल जसाच्या तसा साठवलेली फाईल.

आता छाटणी. लोगो, फूटर, टेबलं, सगळं एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी मेल पुन्हा पाठवून बघा. जे काढल्यावर बिघाडही जातो, तेवढंच ठेवायचं. स्टाइलसकट वीसेक ओळींपेक्षा जास्त उरलं तर छाटणी झालेली नाही, असं मी मानतो. उरलेल्या मेलची रचना अशी करा की चौकट मुळात लाल असेल आणि प्रॉपर्टी चालली तरच हिरवी होईल. वर एक वाक्य टाका: "खालची चौकट लाल दिसली तर बिघाड आहे." मेल उघडणाऱ्याला सीएसएस येत नसलं तरी निकाल कळला पाहिजे.

प्रोग्रॅमची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि खात्याचा प्रकार लिहायलाच हवा. "जीमेलमध्ये चालत नाही" ही अर्धी माहिती झाली. जीमेलने 2016 मध्ये स्टाइल टॅग (सीएसएसचे नियम ठेवायची जागा) आणि मीडिया क्वेरी (पडद्याच्या आकारानुसार लागू होणारे नियम) स्वीकारल्या खऱ्या, पण त्याच्याच मोबाईल ॲपमध्ये दुसऱ्या कंपनीचं खातं जोडून मेल वाचला की स्टाइल टॅग उडतो.

तक्रार लिहिणं आणि पाठवणं

काय व्हायला हवं होतं, काय झालं, कोणाचं अडतं: तीन ओळी पुरे. "डिझाइन बिघडतं" याला कोणी विचारत नाही. अक्षरं मोठी केली की मजकूर कापला जातो, किंवा लँग ॲट्रिब्यूट (मजकुराची भाषा सांगणारी खूण) काढल्यामुळे स्क्रीन रीडर (मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) भलत्याच भाषेच्या उच्चारात वाचतो, याला वजन असतं.

तक्रार नोंदवायची जागा थंडरबर्डसाठी बगझिला, राउंडक्यूब या वेबमेलसाठी गिटहब. बंदिस्त प्रोग्रॅमला फीडबॅकची खिडकी असते. तिच्यात टाका, पण तिच्यावर विसंबू नका. पैसे भरणाऱ्या एखाद्या मोठ्या संस्थेचा आयटी ॲडमिन गाठा आणि तीच फाईल त्याच्याकडून सपोर्ट तिकिटाला जोडून घ्या. ते एक तिकीट हजार लाइक्सना भारी पडतं.

गोंगाट, आणि तोही सर्वांत शेवटी

जून 2009 मध्ये आउटलुकविरुद्ध ट्विटरवर मोठी मोहीम झाली, हजारो लोकांनी ट्वीट केलं. मायक्रोसॉफ्टने लगेच उत्तर दिलं: मेलसाठी एचटीएमएलचा कोणता भाग योग्य, यावर उद्योगात सर्वमान्य एकमत नाही. आणि आउटलुक 2010 वर्डचंच इंजिन घेऊन आलं. ते उत्तर मला आजही पळवाट वाटते, पण ती पुन्हा वापरली जाणार हे धरूनच चाला. "नेमकं काय हवं?" असं विचारल्यावर दाखवायला नेमकी मागणी आणि लाल-हिरवा मेल तयार नसेल, तर तोपर्यंत गप्प बसलेलं बरं.

दुरुस्तीनंतर

तोच मेल पुन्हा पाठवून खात्री करा, 'कॅन आय ईमेल'वरची नोंद जुनी असेल तर गिटहबवरून सुधारणा सुचवा, आणि तुमच्या टेम्प्लेटमधली जुगाडं खरोखर काढा. ॲपच्या प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर चाचणीचा मेल परत एकदा पाठवायचा. दुरुस्त झालेलं पुन्हा बिघडतं, आणि तेव्हा जुना तिकीट नंबर हाताशी असला की नव्याने रांगेत उभं राहावं लागत नाही.