वनस्पतिजन्य अन्नातील धातूंचे नॅनोकण कसे शोधावेत

नमुन्यात चांदी एकूण किती आहे एवढेच पाहायचे असेल, तर तो तीव्र नायट्रिक आम्लात तापवून आयसीपी-एमएस यंत्रावर (ते अतितप्त प्लाझ्मात नमुन्यातील मूलद्रव्यांचे आयन करून त्यांना वस्तुमानानुसार मोजते) मोजणे पुरेसे असते. परंतु त्या आम्लात चांदीचे कणही विरघळतात आणि धातू मुळात कणरूपात होता की आयनरूपात, हे कळण्याची वाटच बंद होते. म्हणून १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण शोधताना पेशीभित्तिका मोडायच्या, कण मात्र शाबूत ठेवायचे.

प्रथम पान किंवा फळ अतिशुद्ध पाण्याने धुवावे आणि ते पाणीही तपासावे. पृष्ठभागावर सैल चिकटलेल्या कणांचा अंदाज त्यावरून येतो. मग नमुना सुमारे ५ सामू असलेल्या सायट्रेट बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) वाटून त्यात मॅसरोझाइम आर-१० हे पेक्टिन व सेल्युलोज तोडणारे विकर मिसळावे आणि मिश्रण ३७ अंश सेल्सिअसला २४ तास हलवत ठेवावे. सामू जुळवण्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये, कारण क्लोराइडमुळे चांदीच्या आयनांपासून सिल्व्हर क्लोराइडचे नवेच कण तयार होऊ शकतात. झिंक ऑक्साइड मात्र अशा आम्लधर्मी द्रावणात विरघळते, त्यामुळे त्याच्यासाठी ही पद्धत योग्य नाही. गाळ बसल्यावर वरचा द्रव ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढावा.

हा द्रव आयसीपी-एमएसच्या एककण पद्धतीने, म्हणजे एकेक कण वेगळा टिपत, मोजताना इतका विरळ करावा की एका मोजणीकाळात (तो काही मिलिसेकंद किंवा त्याहून कमी असतो) सहसा एकच कण यावा. विरघळलेल्या धातूचा संकेत सपाट पार्श्वभूमीसारखा दिसतो, कणाचा मात्र टोकदार. पार्श्वभूमीच्या सरासरीत प्रमाण विचलनाची किमान तिप्पट मिळवून उंबरठा ठरवावा. संकेत वस्तुमानाच्या प्रमाणात असतो. त्यामुळे व्यास निम्मा झाला की संकेत एक अष्टमांश होतो आणि अगदी लहान कण पार्श्वभूमीतच बुडतात. किती द्रव खरोखर प्लाझ्मात पोहोचतो, हे ६० नॅनोमीटरच्या प्रमाणित सुवर्णकणांवरून ठरवता येते.

टायटॅनियमच्या बाबतीत विशेष जपावे लागते. वनस्पतींत कॅल्शियम मुबलक असते आणि त्याचा ४८ वस्तुमानांकाचा समस्थानिक टायटॅनियमच्या ४८ वर येऊन बसतो. म्हणून ४७ किंवा ४९ निवडावा, अथवा अभिक्रिया-कक्ष (यंत्रातील वायू भरलेला भाग, जिथे अडथळा आणणारे आयन वेगळे पाडता येतात) वापरावा.

प्रत्येक वेळी नमुन्याविना केवळ विकर व बफर असलेली कोरी चाचणी घ्यावी, कारण विकराच्या भुकटीतही धातू असू शकतो. शिवाय एका नमुन्यात माहीत असलेल्या संख्येने कण मिसळून त्यांतील किती परत मिळतात ते पाहावे; गाळणीला चिकटलेले आणि प्रक्रियेत विरघळलेले कण इथेच उघडे पडतात.