लॅब्राडॉरचं पिल्लू पुढच्या पायाने लंगडतंय? या चुका टाळा

लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर, जर्मन शेफर्ड. यांचं पाच-सहा महिन्यांचं पिल्लू पुढच्या पायाने लंगडू लागलं की ‘खेळताना मुरगळला असेल’ म्हणून महिना-महिना वाट पाहिली जाते. पण या वयात एल्बो डिस्प्लेशियाची शंका आधी घ्यायला हवी. हा दोष आनुवंशिक आहे. कोपरातली हाडं नीट जुळून वाढत नाहीत, कूर्चा (कार्टिलेज) झिजते, कधी हाडाचा तुकडा सुटतो.

दोष अनेकदा दोन्ही कोपरांत असतो, तेव्हा लंगडणं दिसतही नाही. पावलं आखूड पडतात, झोपून उठल्यावर पाय आखडतात, पंजे बाहेर वळतात. दवाखान्यात घाबरलेलं पिल्लू नीट चालून दाखवेलच असं नाही. घरीच समोरून आणि बाजूने व्हिडिओ काढून न्या.

सगळ्यात घातक चूक कॅल्शियमच्या सिरपची. ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून ते सर्रास पाजलं जातं. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम रोखता येत नाही, ते शरीरात जातंच आणि कूर्चेचं हाड होण्याची क्रिया बिघडवतं. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं पूर्ण खाद्य देत असाल तर वरून काहीही घालू नका. नुसत्या चिकन-भातावर वाढवत असाल तर मात्र कॅल्शियम कमी पडतं. तिथे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

गुटगुटीत पिल्लू पाहून समाधान मानू नका. शरीराचं सुमारे 60 टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत.

एक्स-रे दोन्ही कोपरांचा काढा, प्रत्येकाचा एक कोपर पूर्ण दुमडूनही. तो स्वच्छ आला तरी निश्चिंत होऊ नका: सुटलेला बारीक तुकडा त्यात अनेकदा दिसत नाही, सीटी स्कॅनमध्ये दिसतो.

आयबुप्रोफेनसारख्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कधीच नकोत. जठरात व्रण होतात, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. डॉक्टरांनी दिलेलं मेलोक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन हे वेदनाशामकही स्टेरॉइडसोबत देऊ नये. उलट्या किंवा काळी शी झाली तर गोळी थांबवून लगेच फोन करा.

आठवडाभर घरात आणि रविवारी टेकडीवर, हे टाळा. रोज दोरीला धरून दहा-पंधरा मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या पुरेत. चेंडूमागे धावणं, जिने आणि गाडीतून उडी बंद. गुळगुळीत फरशीवर रबरी चटया अंथरा.

दोष असलेल्या कुत्र्याची पैदास करू नका, लंगडणं थांबलं असलं तरीही. पिल्लू घेताना आई-वडिलांच्या कोपरांचे वर्षभराच्या वयानंतरचे एक्स-रे अहवाल मागा. श्रेणी 0 हवी, म्हणजे कोपर निर्दोष. दोघं निर्दोष असूनही पिल्लात दोष येऊ शकतो, कारण यामागे अनेक जनुकं असतात, पण धोका बराच कमी होतो.