रडारवर पाऊस, वावरात धूळ

हवामानशास्त्रातल्या एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी नागपूरच्या डॉप्लर रडारची, म्हणजे ढगांतल्या पावसाचा वेध घेणाऱ्या रडारची, चित्रं पाहत होतो. मे महिना. यवतमाळजवळच्या आमच्या गावावर 35 डीबीझेडचा (थेंबांवरून रडारकडे परतणाऱ्या प्रतिध्वनीचं माप) पिवळा ठिपका, म्हणजे पाऊस, दिसला, म्हणून लगेच घरी फोन लावला. बाबा म्हणाले, "तुह्या मशिनीत आला असंल पाऊस. आपल्या वावरात तं नुसती धूळ उडून राह्यली."

खरं दोघांचंही होतं. रडारचा झोत जवळजवळ सरळ जातो, जमीन मात्र खाली वळत जाते. सगळ्यात खालचा, अर्ध्या अंशाचा झोतही यवतमाळपर्यंत पोचेतो साधारण दोन किलोमीटर वर गेलेला असतो. खालची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी की थेंब वाटेतच आटतात. त्यात हवा गार होते, जड होते, धाडकन खाली येऊन चहूकडे पसरते. बाबांच्या डोळ्यांत गेलेली धूळ तिचीच. याच गार हवेची कड पुढची गरम हवा वर ढकलते आणि कधीकधी तिथे नवा ढग उभा राहतो.

या विषयात येणाऱ्यांनी आधी डीबीझेड पचवावा. आकडा 10 ने वाढला की प्रतिध्वनी दहापट. थेंबाचा व्यास दुप्पट झाला, तर 64 पट! त्यामुळे मोजके टपोरे थेंब बाकीच्या रिमझिमीला झाकून टाकतात. मी तर जुलैतल्या पाच किलोमीटर उंचीवरच्या चकाकत्या पट्ट्याला "मुसळधार" लिहून मोकळा झालो होतो. ते वितळणारे हिमकण होते. अंगावर पाणी चढलं की रडारला ते भलेमोठे थेंब वाटतात. गाईडनी शब्दाभोवती लाल गोल काढला, बोलले काहीच नाहीत. ते जास्त लागलं.

ढग फक्त पाऊस देत नाही. एक किलो बाष्पाचं पाणी होताना सुमारे 25 लाख ज्यूल उष्णता हवेत सुटते. ती कोणत्या उंचीवर सुटली, यावर उष्ण कटिबंधातले वारे हलतात. समुद्रावरच्या वादळांत हे शोधायला 1997 साली टीआरएमएम या उष्ण कटिबंधातला पाऊस मोजणाऱ्या उपग्रहावरून पहिलं पर्जन्य रडार अवकाशात गेलं.

तालुक्याच्या कॉलेजातली फिजिक्स-गणिताची बीएस्सी पुरते. पुढे एमएस्सीला पुणे विद्यापीठ किंवा कोचीनचं कुसाट विद्यापीठ. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा मात्र आत्ताच शिका, फुकट आहे.

बाबांनी अंगणात पर्जन्यमापक ठेवलाय. रोज सकाळी साडेआठला व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा येतो. बहुतेकदा, तलाठ्याच्या थाटात, "निरंक".