उन्हाळ्यात गळ टाकायला जाताय? आधी भरतीची वेळ बघा

समुद्रावर हौशी मासेमारीचा बेत ठरला की लोक आधी सुट्टी बघतात, मग बोट. मी आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडतो. दिवसातून दोनदा भरती येते अशा किनाऱ्यांवर तिची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे पंधरवड्यात काही दिवस असे मिळतातच, जेव्हा उजाडताना पाणी चढत असतं. तेच धरा. वाहत्या पाण्याबरोबर बारीक मासळी हलते आणि तिच्यामागे मोठा मासा येतो. दुपारी वरचं पाणी तापलं की बरेच मासे खोल, गार पाण्यात उतरतात.

मासा सोडून देणार असाल तर जास्त काळजी घ्या. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून झुंज लांबली की मासा फार लवकर दमतो. दोरी जरा दणकट घ्या, म्हणजे तो पटकन जवळ येईल. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करून ठेवा. हात ओले करूनच मासा धरा. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याला जंतूंपासून वाचवतो. शक्यतो पाण्याबाहेर काढूच नका. शेपटीने जोर धरला की मगच हात सैल करा.

लाइफ जॅकेट, भरपूर पाणी, लांब बाह्यांचा सदरा हे आलंच. विणीच्या हंगामातली बंदी आणि परवाना निघण्याआधी तपासा. सकाळीच वारा वाढलेला दिसला, तर बेत सरळ पुढे ढकला.