बशी वेगळी, जागाही वेगळी

आमची मांजर ठकी जेवताना गुरगुरते. बोंबील असला तर पंजाही मारते. रस्त्यावरून आणलेल्या मांजरांत हे बरंच दिसतं. अशा वेळी दटावू नका, आणि ‘सवय व्हावी’ म्हणून बशी मध्येच उचलून तर मुळीच बघू नका. खाणं हिरावलं जाईल हा तिचा संशय खराच ठरतो.

मांजर मुळात एकट्याने शिकार करून एकट्यानेच खाणारं जनावर. शेजारीशेजारी बश्या मांडायची हौस आपली, त्यांची नव्हे. ठकीला ओट्याखाली आणि बोक्याला बाल्कनीत, एकमेकांना दिसणार नाहीत असं वाढते. थोडं थोडं, दिवसातून चार-पाचदा, ठरल्या वेळी.

ती खात असताना मी लांबून जाते आणि जाताजाता उकडलेल्या, बिनमिठाच्या चिकनचा तुकडा तिच्याकडे टाकते. कान मागे गेले की तिथेच थांबायचं; दुसऱ्या दिवशी थोडं आणखी लांबून. माणूस आला की खाणं जात नाही, वर काहीतरी मिळतं, हे तिला हळूहळू उमगतं. लहान मुलांना मात्र त्या वेळी ओट्याजवळ फिरकू देत नाही.

शांत मांजर अचानक असं वागू लागलं, तर आधी डॉक्टर गाठा. जंत, मधुमेह, म्हाताऱ्या मांजरात थायरॉइड वाढणं, यांनीही भूक खवळते.